एकदम आलेल्या गायी

जावयाने सहा गायी एकदम आणून दारात उभ्या केल्या आणि त्या दिवसापासून झकायोच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

कोणालाही चुकचुकली असती. मुलीच्या लग्नासाठी जावयाने सासऱ्याला द्यायच्या गायी अशा येत नसतात. लग्नाच्या वेळी एखाददुसरी येते, बाळ झालं की एक, जावयाला बरा हंगाम मिळाला की आणखी एक, आणि नातवंडं शाळेत जायला लागली तरी एक बाकी असतेच. ती बाकी असावीच लागते. तिच्या निमित्ताने जावई येतो, सासरा रागावल्यासारखं करतो, कोंबडी कापली जाते. झकायोने स्वतःच्या सासऱ्याची शेवटची गाय त्याच्या मयताला नेली होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. सगळं एका दिवसात चुकतं करणारा माणूस एक तर नातं तोडायला निघालेला असतो, नाही तर त्याच्याकडचा पैसा त्याला घरात ठेववत नसतो.

आणि जावई कोण, तर ओगोला. किसुमू शहरात तळ्याच्या काठी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, बापाच्या घरावर धड पत्रा नसलेला. झकायोची मुलगी अकोथ त्याच्याबरोबर तीन वर्षं बिनगायीची राहत होती. शहरात ती शाळेचे गणवेश शिवायची. या तीन वर्षांत झकायोने बाजाराला जाताना मोठा रस्ता सोडून ओढ्याची वाट धरली होती, कारण मोठ्या रस्त्यावर चुलतभाऊ ओबुराचं घर होतं.

ओबुरा भला माणूस होता, फक्त त्याला दुसऱ्याचं सुख पचत नसे. गायी आल्या तेव्हा सगळ्यात जास्त मांस त्यानेच खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात कोरत येऊन बसला. म्हणाला, छान गायी आहेत. मग म्हणाला, ओगोला मध्ये एक हंगाम मिगोरीकडे सोन्याच्या खाणीवर होता ना? बस, एवढंच बोलला. चहा पिऊन गेला.

सोन्याचा पैसा कडू. जमीन विकून आलेला, चोरीचा, आणि जमिनीतून फुकट उपसलेल्या सोन्याचा पैसा कडूच असतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याची दारू प्या, शर्ट घ्या, उडवून टाका. पण त्यातून गाय घेऊन ती मुलीच्या लग्नात दिली की आधी गाय झिजते, मग मुलगी. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच.

झकायोने सहाही गायी आपल्या गुरांपासून लांब, वेगळ्या कुंपणात बांधल्या. एखादी खोकली की तो हातातलं काम टाकून धावे. शेण काठीने उकलून बघे. बायको सिप्रोसा म्हणायची की इतके दिवस गायी आल्या नाहीत म्हणून रडलात, आता आल्या म्हणून रडताय. पण तिलाही तो नीट निरखायला लागला होता. ही इतकी खुशीत का? हिला काही माहीत आहे का?

शेवटी न राहवून तो किसुमूला गेला. ओगोला एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. सासऱ्याला बघून तो धडपडत उठला, बाकडं पुसलं, तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली मागवली. झकायोने घासाला हात लावला नाही. गायींचे पैसे कुठले, एवढंच विचारलं. ओगोला म्हणाला, मेहनतीचे आहेत. कोणत्या मेहनतीचे? ओगोला खाली बघून चिंधीला हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते. झकायो परतीच्या गाडीत बसला तेव्हा त्याला पुरावा मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि पुरावा मिळाल्याचं दुःखही झालं होतं. पोरगा त्याला मनातून आवडायचा.

घरी येऊन त्याने निरोप धाडला. रविवारी भाऊबंद बसतील. ओगोलाने यावं आणि पैशाचा उगम सांगावा, नाही तर गायी घेऊन जाव्यात. गायी परत गेल्या की लग्न मोडलं, हे निरोपात लिहायची गरज नव्हती.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर भाऊबंद आंब्याखाली बसले. ओबुरा पुढच्या स्टुलावर. ओगोला एकटाच पुढे उभा राहिला. अकोथही आली होती, पण बायकांबरोबर स्वयंपाकघराकडे गेली होती. ओबुराने घसा साफ करून विचारलं, पैसे खाणीतले नाहीत ना? मग कुठले, तेवढं सांग आणि मोकळा हो.

 ओगोला हळूच म्हणाला, "खाणीतलेच समजा."

भाऊबंदांत कुजबुज उठली.  गायी परत द्यायला दोर आणतो म्हणून झकायो घराच्या मागे गेला. खरं तर त्याला कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. तिथे अकोथ उभी होती.

"दोर ठेवा खाली, बाबा. तो खोटं बोलतोय."

"कबूल झाला तो. सगळ्यांनी ऐकलं."

"पैसे माझे आहेत. तीन वर्षांचे गणवेश आणि भिशी. भिशी मला लागली, मी त्याच्या हातात दिली. तो नको म्हणत होता. दोन दिवस जेवला नाही."

झकायोला आधी कळलंच नाही. मग कळलं. मुलीने स्वतःच्या लग्नाच्या गायी स्वतःच्याच पैशाने घेऊन बापाच्या दारात बांधल्या होत्या. हे बाहेर गेलं असतं तर ओगोलाला जन्मभर बायकोने विकत घेतलेला म्हणाले असते आणि झकायोला मुलीकडूनच मुलीची किंमत घेणारा. आणि तो पोरगा हे झाकायला चारचौघांत स्वतःवर सोनं ओढून घेत होता.

"सहा कशाला आणल्यास एकदम?" त्याच्या तोंडून एवढंच निघालं. "एकेक आणायची असते, एवढं कळलं नाही तुला?"

"मला वाटलं, एकदम आल्या की तुम्ही सुखी व्हाल." अकोथचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "मोठ्या रस्त्याने बाजाराला जाल. आणि तुम्ही शेण उकलत बसलात."

झकायोला लाज वाटली. इतकी की दोर हातातच राहिला. पोरीने तीन वर्षं डोळे फोडून त्याच्यासाठी सुख विकत आणलं होतं आणि त्याने ते कुंपणात वेगळं बांधून रोज त्यात किडे शोधले होते.

तो परत आंब्याखाली आला. आयुष्यात ओबुरापुढे त्याने कधी हार कबूल केली नव्हती.

"पैसे सोन्याचे नाहीत," तो म्हणाला. "माझी खात्री पटली आहे. मी पोराला इतकं पिडलं की सुटका करून घ्यायला तो काहीही बोलला. संशय माझा होता आणि खोटा होता."

ओबुराने विचारलं, मग पैसे कुठले? झकायो म्हणाला, घामाचे, आणि ज्याच्या मुलीचं लग्न आहे त्याला ते पुरे आहे. मोठ्या वयाच्या दोघातिघांनी मान हलवली. त्यांनाही जेवायची घाई झाली होती.

मग झकायो ओगोलाकडे वळला. "तीन गायी माझ्या. लग्न पक्कं. तीन परत ने, अकोथच्या दारात बांध, दूध तिचं. त्या तिन्हींच्या बदल्यात तुझ्या इंजिनांच्या कमाईतून एकेक आण. सवडीने आण."

ओगोलाने मान वर केली. सासऱ्याला सगळं कळलंय, हे त्याला आता समजलं. "वीस वर्षं लागतील, बाबा."

"मग मला कुठे जायचंय?"

संध्याकाळी तीन गायी वाटेला लागल्या. ओबुरा कुंपणाशी उभा राहून बघत होता आणि शेजारच्याला हलक्या आवाजात समजावत होता की दारात आलेल्या गायी कोणी शहाणा परत पाठवत नाही, या झकायोलाच कुठेतरी सोनं सापडलेलं दिसतंय. झकायोने ते ऐकलं. तो इतका हसला की सिप्रोसा चूल सोडून बाहेर आली आणि त्याच्याकडे संशयाने बघायला लागली.