मार्गेडची लाल गोधडी आणि मी

मी बाबागाडी बोलतेय. उंच चाकांची, काळ्या टपाची, पितळी दांड्याची. माझ्यात बाळ बसलं ते एकच, डॉक्टरांचं. ते चालायला लागलं आणि मी कोळशाच्या खोलीत गेले. तीन वर्षांनी डॉक्टरांनी गाव सोडलं, सामानाचा लिलाव झाला आणि मला मार्गेडनं घेतलं.

मार्गेड त्रेपन्न वर्षांची, बिनलग्नाची. ती मला ढकलत अंगणाबाहेर निघाली तशा बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. शेजारच्या लोवरीला राहवेना.

"काय गं मार्गेड, गोड बातमी दिसतेय!"

"आहे की. जुळी होणार आहेत. एक लोकरीचं, एक कापडाचं."

तैफी नदीच्या खोऱ्यात मार्गेडला ओळखत नाही असं घर नव्हतं. शेतावरच्या घरी जायचं, पंधरा दिवस राहायचं, त्यांच्या लेकीच्या लग्नाची गोधडी शिवून द्यायची आणि पुढच्या घरी निघायचं. तीस वर्षं हेच. स्वतः मात्र पांघरायची बापाचं विटलेलं कांबळं. त्या वर्षी तिनं ठरवलं, आता एक आपली.

आणि आपली म्हणजे साधीसुधी नव्हे. भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर तिनं नक्षी काढली होती. मधोमध मोठं चक्र, त्याभोवती गोगलगाईसारखी वेटोळी, मग पानांची रांग, मग दोरीचा पीळ. लोवरी कागद बघून म्हणाली, "एवढं राजाच्या पलंगावरही नसेल. तू एकटी करणार?"

"तुला बोलावलं तर तू टाके मोजत बसशील. एकटीच बरी."

खोटं कशाला बोलू, मी आधी रुसले होते. कुठे डॉक्टरांचं गुबगुबीत बाळ आणि कुठे मेंढ्यांची लोकर! जूनमध्ये आम्ही डोंगरावर गेलो. मेंढ्या काट्याकुट्यांतून जाताना मागे लोकर ठेवून जातात. मार्गेड ती गोधडीत भरायला झुडपाझुडपातून वेचायची आणि माझ्यात टाकायची. शेतावरच्या सुना हाक मारून थांबवायच्या, चहा आणि मनुकांचा पाव द्यायच्या. "मावशी, काळ्या मेंढीची चालेल का गं?" "आण आण. आत कोण बघतंय!" चौथ्या दिवशी मी टपापर्यंत भरले. उतारावरून येताना मार्गेड गात होती, आणि माझा रुसवा कुठल्या वळणावर उतरला, मला कळलंच नाही.

मग लॅम्पेटरच्या बाजारातून अस्तराचं फुलाफुलांचं सुती कापड आलं. त्यासाठी दुकानदाराला अकरा तागे उलगडावे लागले. सुया आल्या, दोरा आला, निळा खडू आला. गोधडी ताणायच्या चौकटीचे लांब दांडे माझ्यावर आडवे ठेवले, तेव्हा तर गल्लीत समोरून कुणाला येताच येईना.

राहिलं होतं वरचं लाल फ्लॅनेल. सात वार, एकाच रंगात भिजलेलं. गावची लोकरी कापडाची गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तिथला रंगारी टेगिड, एकटा विधुर. शेवटच्या दिवशी रंगवलेला तागा त्याच्या घरी होता, आणि तो कुणालाही देत नव्हता.

"परकर शिवायला मिळणार नाही," त्यानं दारातच सांगितलं.

मार्गेडनं मला आत घेऊन त्याच्या फरशीवर नक्षीचा कागद पसरला. टेगिड गुडघ्यांवर बसला. नक्षीवरून बोट फिरवत कडेपर्यंत आला.

"कोपरे चुकलेत."

"तीस वर्षं कोपरे शिवतेय मी!"

"शिवत असाल. माझी आई चाळीस वर्षं शिवत होती. बाई, मध्ये एवढं वादळ उठवलंत आणि कोपऱ्यात नुसती बदामं?"

मार्गेडनं कागद गुंडाळला, माझ्यात आपटला आणि मला दाराकडे वळवलं. माझी पुढची चाकं उंबऱ्याबाहेर गेली. तिथेच ती थांबली. तिचे हात माझ्या दांड्यावर घट्ट आवळलेले मला जाणवत होते. मग तिनं मला मागे ओढलं.

"काय असायचं तुमच्या आईच्या कोपऱ्यात?"

त्यानं खडूनं फरशीवर एक पान काढलं, आतल्या बाजूला वळलेलं.

"देठ जाड झालाय," मार्गेड म्हणाली.

"मग करा बारीक!"

दुपारभर दोघं पुसत होती, काढत होती, भांडत होती. चुलीवरचा रस्सा करपला, तेव्हा कुठे टेगिड उठला आणि आतून तागा घेऊन आला. त्यावरून एकदा हात फिरवून त्यानं तो माझ्यात ठेवला. "दाम नको. कोपरा शिवून झाला की दाखवा म्हणजे झालं." आणि काय वाटलं कोण जाणे, दांडा त्यानंच हातात घेतला.

साठीचा पुरुष भर गावातून बाबागाडी ढकलत निघाला! लोवरी दारातच होती. "अहो टेगिड, बाळ कुणावर गेलंय?"

"आईवर. बोलायला लागलं की कळेलच सगळ्यांना."

मार्गेडला इतकं हसू आलं की ती रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसली.

कोपरा एका शनिवारी दाखवून संपला असता. पण कोपरे चार होते, आणि टेगिडनं ते ईस्टरपर्यंत पुरवले.

गोधडी चौकटीवरून उतरली त्या दिवशी जमीनदारीणबाई मोटारीनं आल्या. "ही मला हवी," म्हणाल्या. मार्गेडनं आयुष्यात कुणाला गोधडी नाकारली नव्हती. तिच्या गालांवर लाली चढली.

"नाही बाईसाहेब. ही माझी आहे."

बाई गेल्यावर तिनं भरदुपारी ती आपल्या पलंगावर अंथरली आणि बूट काढून तिच्याखाली जाऊन पडली. मी दाराशी उभी राहून बघत होते.

मे महिन्यात त्या दोघांचं लग्न झालं. तेव्हापासून टेगिडची एकच तक्रार आहे: गोधडी एका माणसाच्या मापाची आहे, आणि ते माणूस झोपेत ती आपल्याकडे ओढतं.

म्हणून आता दुसरी, चांगली रुंद करायची आहे. माझं एक चाक डगमगतं, टपाला ठिगळ लागलंय, पण आज सकाळी तेलपाणी झालंय. आधी कुठल्या डोंगरावर जायचं, यावरून बाहेर दोघांची जुंपली आहे. तेव्हा मी निघते. वाटेत भेटलात तर तेवढं बाजूला व्हा. चढाला लागलो की आम्हांला थांबता येत नाही.