समासातला शहात्तर

मी एक जुना ग्रीक शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला उघडणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही चांगले असाल, नाही असं कुठं म्हणतोय मी? पण हात धुऊन आलात का, आणि मला विचारायला आलात की माझ्याकडून वदवून घ्यायला, हे मी आधी बघतो. हा संशयी स्वभाव मला जन्मापासून नव्हता. तो सोलापुरात लागला.

माझा जन्म परदेशातल्या एका छापखान्यात झाला. ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ, अशी माझी आठशे पानं. एका पाद्रीसाहेबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून मी बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं इकडं सोलापूरला आलो. कुर्डुवाडीला गाडी बदलताना हमालाच्या हातून ट्रंक निसटली आणि माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा मोडला. तो अजून तसाच आहे. साहेबांनी मला फारसं वापरलं नाही. पाहुणे आले की ते कपाटातल्या माझ्याकडे बोट दाखवत, बस्स. देश स्वतंत्र झाल्यावर ते परत गेले आणि जाताना त्यांनी मला यज्ञेश्वर मास्तरांच्या हाती दिलं.

तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. मास्तर भवानी पेठेत एका खोलीत एकटे राहत. आठवडाभर शाळेत शिकवत आणि रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये उपदेश करत. बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, म्हणून ती भाषा ते साहेबांकडूनच शिकले होते. एका शब्दाला पाच अर्थ असले तर मास्तर पाचही वाचत आणि स्वतःशीच म्हणत, "आता बघू, इथं कुठला बसतो." मग बारीक पेन्सिलीनं समासात मराठी अर्थ लिहीत. खात्री नसली तर पुढं प्रश्नचिन्ह काढत. माझ्या पानांवर अशी दोनेकशे प्रश्नचिन्हं आहेत. मला त्यांचा फार अभिमान वाटतो हो!

आणखी एक सवय त्यांना होती, ती नीट लक्षात ठेवा. ज्या शब्दावर उपदेश करायचा, त्या शब्दाशेजारी ते एक आकडा लिहीत. त्या दिवशी गायच्या गीताचा तो क्रमांक. शनिवारी तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून ते गिरिजाबाईंना देत. गिरिजाबाई चर्चची झाडलोट करायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आकडे पक्के येत. भिंतीवरच्या फळीला लाकडी आकडे अडकवायचं काम त्यांचं होतं, म्हणजे कुठलं गीत म्हणायचं ते मंडळीला कळे. वीसेक वर्षं हे असं चाललं. माझ्या आत काय लिहिलंय ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकाला बाईमाणूस लांबूनच फडकं मारायची.

एकाहत्तर साली मास्तर वारले. मी चर्चच्या कपाटात गेलो. किल्ली गिरिजाबाईंकडे. तीन वर्षं मला कुणी उघडलं नाही. कसरीनं माझी 'क'पासूनची काही पानं खाल्ली, आणि मी चरफडत बसलो. बाहेर दिवस वाईट होते. बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडून जगली. पुढं पेपरात शेपटीच्या ताऱ्याची बातमी आली. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या लोकांना शोधत कुणीतरी येतंच.

आले ते ब्रदर जोतीराम. मोहोळचे. पूर्वी दुष्काळी कामावर मुकादम होते आणि आता गावोगाव उपदेश करत फिरत. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते चर्चमध्ये आले आणि गिरिजाबाईंना म्हणाले, "मास्तरांचं ग्रीक पुस्तक कुठाय, बाई? शेवटच्या काळाबद्दल मूळ भाषेत काय आहे, ते बघायचंय."

बाईंनी भाबडेपणानं कपाट उघडलं. तेव्हाच मला त्या माणसाचा संशय आला होता. त्यांनी माझी पानं चाळली नाहीत. कुठूनसा चिठ्ठीवर उतरवून आणलेला एकच शब्द थेट काढला, पारूसिया. प्रभूचं येणं सांगायला पवित्र शास्त्रात हाच शब्द येतो. माझ्याकडे त्याचे चार अर्थ आहेत. ब्रदरनी पहिला वाचला, 'येणं', आणि थांबले. मग त्यांची नजर समासात गेली. तिथं मास्तरांच्या हातचा आकडा होता, ७६.

"शहात्तर!" ते पुटपुटले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला लाल फडक्यात गुंडाळून सभेत आणलं. "मूळ ग्रीकमध्ये असं आहे," असं म्हणून त्यांनी मला उंच धरलं. मित्रांनो, हे चार शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. हे म्हटलं की समोरची माणसं गप्प बसतात, कारण ग्रीक कुणाला येत असतं? "मास्तरांना साल कळलं होतं," ब्रदर म्हणाले. "तुम्ही भ्याल म्हणून त्यांनी ते कोपऱ्यात लिहून ठेवलं. शहात्तर साली जगाचा शेवट आहे!"

खोटं आहे हो, खोटं! तो गीताचा आकडा आहे! मी किती ओरडलो असेन आतल्या आत. पण पुस्तकाचं ओरडणं कोण ऐकतो? आणि 'जगाचा शेवट' म्हणतात तिथं शास्त्रातला मूळ शब्दही 'जगा'चा नाही, 'युगा'चा आहे. तो माझ्या विसाव्या पानावर पडून होता. तिथपर्यंत ब्रदर गेलेच नाहीत.

घरोघरी त्याचे परिणाम दिसायला लागले. कुणी पोरांची शाळा सोडवली, कुणी गळकं छप्पर तसंच ठेवलं. आणि गिरिजाबाईंनी मिरजेचं पत्र ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवलं. त्यांची एकुलती एक लेक प्रभा हिला मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती. तीन वर्षांचं शिक्षण. पंधरा जूनला हजर झालं नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

मायलेकींचं भांडण माझ्यासमोरच, चर्च झाडताना झालं.

"आई, आठच दिवस राहिलेत. पत्र दे माझं."

"तीन वर्सं शिकायचं, आन दोन वर्सांत समदं संपायचं. कशापायी जायाचं मग?" गिरिजाबाई झाडू न थांबवता म्हणाल्या. "त्या दिवशी तू तितं आन मी हितं, असं व्हायला नगं. सोबत ऱ्हाऊ."

"ब्रदर म्हणतात ते खरं कशावरून?"

"मास्तरांच्या हातचं हाय म्हनत्यात. मास्तर कदी खोटं लिवायचे न्हाईत."

"मग मला बघू दे की. मी वाचते ना."

पण कपाटाची किल्ली आता ब्रदरांकडे होती, आणि ते मला कुणाच्या हाती देत नसत. पुस्तक पवित्र आहे म्हणत. अहो, मी कसला पवित्र? माझ्यात गाढवाला शब्द आहे, कांद्याला आहे, खरजेलाही आहे. जो माणूस शब्दकोशाला फडक्यात बांधून ठेवतो, त्याला तो वाचू द्यायचा नसतो, हे पक्कं समजा.

नऊ जूनचा रविवार होता. सभा भरली होती. ब्रदरनी नेहमीचं पान उघडलं. एव्हाना माझी शिवण तिथं अशी उसवली होती की मी आपोआप तिथंच उघडत होतो, आणि लोकांना तोही चमत्कार वाटत होता. प्रभा उठली आणि सरळ पुढं गेली.

"ब्रदर, मला वाचायचंय."

"बाई, लेकीला आवरा," ब्रदर म्हणाले.

गिरिजाबाई शरमेनं लगबगीनं पुढं आल्या. लेकीचा दंड धरला, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या उघड्या पानावर पडली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी दंड सोडला.

"थांबा ब्रदर. पान झाकू नगा." त्या वाकल्या. "ह्यो मास्तरांचा सात. पोटात रेघ मारायचे ते. चिठ्ठीवर बी असाच असायचा."

"तेच तर मी सांगतोय, बाई. मास्तरांनीच..."

"शहात्तर म्या फळीवर लावलाय की. दर साली. डिसेंबरच्या पयल्या रविवारी." बाई उपदेशपीठामागं गेल्या, लाकडी सात आणि सहा घेऊन आल्या आणि माझ्या उघड्या पानावर ठेवले. "प्रभूच्या येन्याचं गीत हाय त्ये. दुसरं पान उगडा बगू. त्यावर बी आकडा असंल."

ब्रदरांचे हात जागचे हलले नाहीत. प्रभानंच पान उलटलं. "भाकर. शेजारी बारा."

"बारा? प्रभुभोजनाचं."

"मेंढपाळ. एकशे चौदा."

"त्ये मयताला म्हनत्यात."

"लग्न. दोनशे तीन."

"तुमच्या समद्यांच्या लग्नाला म्याच लावलाय," गिरिजाबाई मंडळीकडे वळून म्हणाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"ब्रदर," प्रभा म्हणाली, "मग दोनशे तीन साली काय होणार होतं?"

मला वाटलं, आता हा माणूस तोंड चुकवून पळणार. लबाड माणूस पळतोच. पण जोतीराम मटकन बाकावर बसले. "मी दुसरं पान उघडलंच नाही," ते म्हणाले. मग लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, "मग कधी, बाई? माझी पोरगी खडीच्या कामावर तापानं गेली. सहा वर्षांची होती. प्रभू आला म्हणजे भेटंल म्हणून मी दिवस मोजतोय. कधी भेटंल ती?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना ठक समजत होतो. तो माणूस लेकीसाठी जगाचा शेवट मागत होता.

गिरिजाबाई त्यांच्याजवळ बसल्या. "त्ये मला कुटं ठावं, दादा? म्या आकडे लावनारी बाई."

प्रभा पुन्हा त्या पानाशी आली होती. शेवटच्या, चौथ्या अर्थाशेजारीही मास्तरांची पेन्सिल होती, ती तिनं मोठ्यानं वाचली, "राजाची स्वारी गावात येणं. पूर्वी अशा वेळी लोक रस्ते झाडून दुरुस्त करत. कधी येणार?" आणि पुढं प्रश्नचिन्ह.

"व्हय, आठवलं!" गिरिजाबाई एकदम म्हणाल्या. "उपदेशात सांगायचे की. प्रभू यायचा म्हटल्यावर झाडू हातात घ्या, हातावर हात ठिवून बसू नगा." मग त्या लेकीला म्हणाल्या, "प्रभे, ज्वारीच्या डब्यात हाय पत्र. तो येईल तवा तुला कामात बगू दे. म्या हितं एकटी ऱ्हाईन." आणि तिथंच पदरात तोंड घालून रडल्या.

चौदा जूनला प्रभा मिरजेला गेली. जाण्याआधी तिला तो आकडा खोडायचा होता. बाईंनी खोडू दिला नाही. मास्तरांचं अक्षर ते! तेव्हा तिनं शहात्तरच्या आधी फक्त 'गीत' असं लिहिलं. माझी शिवण ब्रदर जोतीरामांनी स्वतः खळ लावून सांधली. काम ओबडधोबड झालंय, पण मी तक्रार करत नाही.

आता माझी एवढीच विनंती. पुस्तकांना ऊन दाखवा, कसरीपासून जपा, पण फडक्यात बांधून त्यांची पूजा करू नका. एक पान वाचून उठू नका. आणि 'मुळात असं आहे' म्हणून कुणी तुम्हाला भ्या दाखवलं, तर पुस्तक हातात मागा. द्यायला कचरला, तर माझ्यासारखा खुशाल संशय घ्या. फक्त त्याला काय दुखतंय, तेही विचारा. मी विचारलं नव्हतं.

हां, शहात्तर साल राहिलंच की! ते आलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभा रजेवर आली होती. ब्रदर मोहोळहून येऊन मागच्या बाकावर बसले होते. गिरिजाबाईंनी सगळ्यांदेखत फळीवर आधी सात अडकवला, मग सहा. हात झटकले आणि मागं वळल्या.

"ब्रदर, आलं बगा शहात्तर. उठा, म्हना आता."