कांद्याच्या माळेतली लिली

"परेश, उघडतेय. पहिली पाकळी सुटली."

परेशनं ट्रक बाजूला घेतला. फोनवर त्याची बायको रुचिता धापा टाकत बोलत होती. "कसली पाकळी?" त्यानं विचारलं.

"डे-लिलीची."

"ती? जी आईनं..."

हो, तीच. फेब्रुवारीत रुचितानं लिलीचं दाटलेलं बेट वेगळं केलं, मुळांवरची माती झटकली आणि रोपं पडवीत पसरून ठेवली. शेजारी पांढऱ्या कांद्याचा ढीग होता. माहेराहून परतून पाहते तर रोपं गायब. सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, कांद्याची पात समजून सुकलेली पानं माळेत विणून टाकली होती. वर तक्रार: "यंदा कांदा धरलाच न्हाय. नुसत्या मुळ्या."

रुचितानं माळ उसवली. मुळं मऊ पडली होती. तरी तिनं विहिरीजवळ वाळूत शेणखत कालवून ती लावली, बुडखा जेमतेम झाकेल इतकीच माती ओढली. सगळे म्हणाले, मेली.

आणि आता दांड्यावर केशरी फूल.

"दुसरी पाकळी सुटली," रुचिता ओरडली. "संध्याकाळी मिटेल रे. उद्या ते नसणार. कुठे आहेस?"

"पेणला. माल उतरवायचाय."

मागून फोन ओढला गेल्याचा आवाज आला. "परेश," सगुणाबाई म्हणाल्या, "माल उद्या बी उतरंल. मी खुर्ची टाकून बसलेय हितं, कोंबड्या हाकलतेय. तू ये आधी."

ट्रक वळवायला रस्ता अरुंद होता. तरी परेशनं वळवला.