शेजारचा एक

नवऱ्याचं म्हणणं एकच: पोरांना शाळेत पाठव, चारचौघांत मिसळू दे. तिचंही उत्तर एकच: मी आहे ना. दिवसभर बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून आलेल्या माणसाच्या अंगात वाद घालायचं त्राण कुठलं? तो गप्प जेवायचा आणि झोपायचा. शिकवणं तिला जमत होतं, खोटं कशाला बोला. फक्त तिच्या शाळेला ना मधली सुट्टी होती, ना मोठी, आणि दाराला आतून कायम कडी असायची. चार महिन्यांपूर्वी घरात पाचवं माणूस यायचं होतं, ते दवाखान्यातूनच परत गेलं. तेव्हापासून उरलेल्या दोघांवर तिची अशी नजर, की पोरांना शिंकायची चोरी.

त्या सकाळी वजाबाकी होती. थोरली सात वर्षांची. एका उत्तरातून तिला तीन प्रश्न सुचायचे, म्हणून घरात तिचं नाव 'चौकशी' पडलं होतं. धाकटा गोट्या चटईवर बटणं मांडत बसला होता.

"बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जातात का?"

"नाही. कमी पडतात."

"मग शेजारच्या घरातून एक उसना आणायचा."

"शेजारी रागवत नाहीत?"

"नाही रागवत."

"परत कधी द्यायचा?"

"परत नसतो द्यायचा. उत्तर काढ आता."

चौकशीने उत्तर बरोबर काढलं. आईला बरं वाटलं. पोरगी हुशार आहे, शाळेवाचून काही अडत नाही, असं मनाशी म्हणत ती मोरीत कपडे धुवायला बसली. नळ जोरात वाहत होता.

हात पुसत बाहेर आली तर घर चिडीचूप. पोरं गप्प बसली की आईने समजावं, काहीतरी शिजतंय. दाराजवळ स्टूल सरकवलेलं होतं, कडी निघालेली होती. चटईवर, बटणांच्या पसाऱ्यात, एक तान्हं बाळ झोपलं होतं. समोरच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं बाळ.

"हे कुठून आणलंस?"

"शेजारून," चौकशी म्हणाली. "आपण पाच होणार होतो ना? एक कमी पडत होता. काकू गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेल्यात. मी विचारलं नाही, पण तू म्हणालीस ना, रागवत नाहीत."

समोरचं दार चार पावलांवर होतं. उचलायचं, नेऊन ठेवायचं, पोरीला दोन शब्द सुनवायचे, एवढंच काम. तिने बाळाला उचललं. त्याचं डोकं तिच्या मानेपाशी आपोआप टेकलं, आणि ती आधी दाराकडे गेली ती पुन्हा कडी लावायला. मग चटईवर बसली. किती बरं वाटलं तिला, ते सांगायलाही भीती वाटते.

जिन्यात धावपळ ऐकू आली. दार वाजलं.

तिने बाळाला चौकशीच्या मांडीवर दिलं आणि दार वीतभर उघडलं. बाहेर शेजारीण उभी होती, खांद्यावर एक वाळलेलं दुपटं तसंच राहिलेलं.

"वहिनी, माझं बाळ... तुमच्या पोरांनी खेळायला आणलं का हो?"

"नाही हो ताई. आमच्याकडे कुणी नाही आलं."

आवाज जराही कापला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मीच दार उघडं टाकून गेले," शेजारीण म्हणाली, "मीच." आणि ती खाली रस्त्याकडे पळाली.

आईने कडी लावली. कपाळ दाराला टेकून क्षणभर तशीच थांबली. संध्याकाळी नवऱ्याला काय सांगायचं, उद्या काय, बाळ रडलं तर काय, यातलं एकही तिच्या डोक्यात येईना. मग ती वळली.

बाळ जागं झालं होतं. ते हवेत पाय झाडत होतं, पण आवाज नव्हता. चौकशीने त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता, नाकासकट. शेजारी गोट्या ओठांवर बोट ठेवून शहाण्यासारखा बसला होता. पोरगी आईकडे बघत होती, गणित सोडवून पाटी दाखवताना बघायची तशी.

"रडू देत नाहीये मी," ती कुजबुजली. "काकूंना ऐकू जाईल ना."

आईने झडप घालून तो हात ओढून काढला. बाळाचा चेहरा काळानिळा पडला होता. तिने त्याला उपडं धरलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. काही होईना. पाठ चोळता चोळता तिच्या तोंडून नुसतं "अगं आई गं, अगं आई गं" एवढंच येत होतं. आणि मग बाळ एकदम किंचाळून रडलं.

खाली जिन्यातली पावलं थांबली. मग वर धावू लागली.

तिने कडी काढली, दार सताड उघडलं आणि रडतं बाळ घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आई, माझं चुकलं का?" चौकशीने मागून विचारलं.

"तुझं नाही," ती म्हणाली, आणि शेजारीण वर येईपर्यंत तिथून हलली नाही.