निवळलेली बाटली

मी एक बाटली बोलतेय. बोटाच्या दोन पेरांएवढी, काचेची, डोक्यावर रबरी बूच. पोटात लसीचे दहा डोस होते आणि दहाच्या दहा अजून तसेच आहेत. एकही कुणाला टोचला गेला नाही. त्याची मला लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. तो का, हे ऐकवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझं कूळ काही चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. धनुर्वाताचे जंतू जे विष सोडतात, तेच माझं मूळ. कारखान्यात ते विष आठवडेच्या आठवडे औषधात मुरत ठेवलं, तेव्हा कुठे त्याची नांगी मोडली. मारायची ताकद गेली, चेहरा मात्र तोच राहिला. सोबत घटसर्पाचं तसंच मोडलेलं विषही माझ्या पोटात आहे. हा सगळा खटाटोप त्या चेहऱ्यासाठी. शरीरातल्या पहारेकऱ्यांनी तो एकदा नीट पाहून ठेवला, की पुढे खरं विष जखमेतून घुसलं तरी ते त्याला दारातच धरतात.

शिकलेली माणसं मला अँटिजेन म्हणतात. म्हणू देत. पण नुसती ओळख पटणं वेगळं आणि गाव जागं करणं वेगळं. गावात चोर आला, कुणीतरी पाहिला आणि कूस बदलून पुन्हा झोपला, तर काय उपयोग? ओरडा झाला पाहिजे, माणसं काठ्या घेऊन धावली पाहिजेत. असा ओरडा जो उठवतो त्याला इम्युनोजेन म्हणतात. एकटीनं मला तो नीट जमत नाही, म्हणून तुरटीच्या भावकीतल्या एका क्षाराच्या बारीक कणांना मला चिकटवलेलं असतं. हे कण मला सुईच्या जागी धरून ठेवतात आणि पहारेकऱ्यांना हाका मारतात. दंड दुखला म्हणून आम्हाला शिव्या देता ना? अहो, ती तुमच्याच घरातली जाग असते.

तर अशी मी, थंड पेट्यांतून प्रवास करत परभणीला आले आणि तिथून झरीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये. माझ्या अंगावर एक छोटा चौकोन छापलेला होता. उष्णता लागली की तो काळपट पडत जातो. सगळे येता-जाता तो चौकोन बघायचे. ऊन लागेल, ऊन लागेल, हीच सगळ्यांना धास्ती. मला थंडीनंही मरण येतं, हे मात्र त्या चौकोनाला सांगता येत नाही.

मे महिना होता. लसी वाडीवर नेण्याचं काम बन्सीधरमामांकडे. वीस वर्षं मोटारसायकलवर निळी पेटी बांधून हिंडणारा भला माणूस. नियम असा, की बर्फाचे डबे फ्रीजरमधून काढून त्यांना घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच पेटीत भरायचे. मामांना त्या दिवशी आमची दया आली. एवढ्या उन्हात लेकरं भाजतील म्हणून त्यांनी दगडासारखे कडक डबे तसेच पेटीत घातले, आणि मला तर मायेनं बर्फाला अगदी टेकवूनच बसवलं. कुणी माया करून वाटोळं केलं तर त्याच्यावर रागावता येत नाही, ही मोठी पंचाईत.

वाटेत मी गोठले. दूध फाटावं तसं माझ्या पोटात झालं. क्षाराचे कण एकमेकांना धरून त्यांच्या गुठळ्या झाल्या. वाडीच्या अंगणवाडीत पोचेपर्यंत मी पुन्हा पातळ झाले होते आणि वरून बघणाऱ्याला पहिल्यासारखीच दिसत होते. पण आता माझी हाक कितपत ऐकू जाईल, याची खात्री कुणीच देऊ शकलं नसतं.

रांगेत पहिली होती राजेश्री. सातवा महिना, दंडावर पदर सारून तयार. पहिला डोस महिन्यामागे झाला होता, हा दुसरा. सोबत सासू कडूबाई, हातात कापडी पिशवी. दुपारच्या एसटीनं परभणी आणि तिथून गंगाखेड, म्हणजे राजेश्रीचं माहेर. बाळंतपण तिकडेच.

सुकेशनी सिस्टरनी मला उचललं आणि त्या थांबल्या. माझ्या लेबलाचा एक तुकडा फाटून बर्फाच्या डब्याला चिकटून राहिला होता.

"मामा, हे डबे घाम फुटल्यावर भरले होते ना?"

"लय ऊन हाय सिस्टर, म्हून तसेच भरले. गारच केलंय की, गरम तर न्हाई केलं! चौकोन बगा, पांढराफेक हाय."

"चौकोनाला गोठलेलं कळत नाही, मामा."

"आता एवढ्याशा कागदावरून काय करायलाव? टोचा अन् कार्डावर खूण करा. बाया कामं सोडून आल्यात."

ऐकलंत? कार्डावर खूण करा! माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे. ती खूण झाली असती, तर गंगाखेडला राजेश्रीला पुन्हा कुणी टोचलं नसतं. सुई दुखली असती, कार्ड भरलं असतं, सगळे निर्धास्त झाले असते, आणि तिच्या आत कदाचित कुणी जागंच झालं नसतं. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण नाळेतून बाळाला मिळतं. आईकडेच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? मला टाकाऊ म्हणा, फेकून द्या, पण मला खोटी करू नका. बाटलीच्या तोंडाला बूच असतं, नाहीतर मी तिथेच ओरडले असते.

सिस्टर नवीन होत्या, पण कच्च्या नव्हत्या. त्यांनी पेटीच्या मधोमध, बर्फाला न लागता बसलेली माझ्याच खेपेची दुसरी बाटली काढली. दोघींना एका मुठीत धरून दणादण हलवलं आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. "अर्धा तास बघायचं," त्या म्हणाल्या.

कडूबाई भडकल्या. "अर्धा तास? एसटी यायलीय की! पोटुशी बाई उन्हात हुबी, अन् तुमी बाटल्यायचा खेळ लावलाव?"

"मावशी, एसटी संध्याकाळी पण आहे. हिच्यात जोर आहे का नाही, ते बघू द्या."

कडूबाई तणतणत टेबलाजवळ आल्या. मी काय करू शकत होते? एकच. मी खाली बसायला लागले. फाटलेलं अंग लपवायचं नाही असं ठरवलं आणि सगळ्या गुठळ्या तळाशी सोडल्या. वर स्वच्छ पाणी आलं. शेजारची बहीण मात्र तशीच गढूळ, दुधी, सगळं अंग सावरून उभी होती.

कडूबाईंनी वाकून पाहिलं. जन्मभर माठातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली बाई ती, तिला पुस्तक कशाला लागतंय?

"आगं, ही तर तुरटी फिरवल्यावानी निवळली! वर निस्तं पाणीच हाय." आणि मग एकदम हळू आवाजात, "हेच टोचलं असतं व्हय, बाई?"

सिस्टरनी होकारार्थी मान हलवली.

कडूबाई सतरंजीवर बसल्या. "माजं पयलं लेकरू आठव्या दिशी दूध वडायचं थांबलं. धनुष्यावानी वाकडं झालं होतं. तवा कुणी टोचलंच न्हाई. आता टोचूनबी तसंच झालं असतं, तर म्या कुणाला बोलले असते?" बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. राजेश्री दाराकडे निघाली, तर त्यांनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. "जाऊ दे ती एसटी. पूर्ण अर्धा तास बगू."

अर्धा तास झाला. बहीण अजून दुधी होती. सिस्टरनी त्याच बाटलीतून राजेश्रीला डोस दिला आणि मगच कार्डावर खूण केली. बन्सीधरमामा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते.

माझं काय झालं? सिस्टरनी मला फेकलं नाही. लाल शाईनं लिहिलं, "गोठलेली. वापरू नये." तेव्हापासून बाकीच्यांपासून दूर एका डबीत माझा मुक्काम आहे. माझ्या खेपेतल्या कुठल्याही बाटलीचा संशय आला की तिला माझ्याशेजारी आणून ठेवतात. नव्या पोरींना शिकवायचं असलं की मामा स्वतः मला बाहेर काढतात. "हिची वाट म्याच लावली," असं सगळ्यांसमोर सांगतात आणि मला हलवतात. मामांशी माझं भांडण मिटलंय.

परवा कडूबाई आल्या होत्या. कडेवर दीड महिन्याचा नातू, मुठी आवळून रडणारा, दूध पिऊन गलेलठ्ठ. त्याच्या पहिल्या सुयांचा दिवस. त्या सिस्टरना म्हणाल्या, "ती निवळलेली बाटली हाय का अजून? दाखवा बरं ह्याला."

मला त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यानं हात मारला, मी हलले आणि नेहमीसारखी तळाशी जाऊन बसले.

तेव्हा ऐका. मला टाकाऊ समजून उचलायला कुणी आलं, तर त्याला सांगा, हिचं काम अजून चालू आहे. कितीही वेळा हलवा. जोवर माझ्याशेजारी एखादी बाटली उभी राहतेय, तोवर मी खाली बसणारच.