बाप्पामागची रेकॉर्ड

प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, मोदकांचं पहिलं ताट रिकामं झालं आणि मग हितेंद्रने स्विच दाबला. बाप्पाच्या डोक्यामागचं सोनेरी चक्र डुलत डुलत फिरायला लागलं. लालबागच्या त्या दोन खोल्यांत जमलेल्या सगळ्यांनी "वा!" म्हटलं. विनीतच्या तोंडात मोदक होता, त्यामुळे त्याचं "वा" जरा मागून निघालं. ते पुरतं बाहेर पडायच्या आत त्याला दिसलं, की चक्र लंगडतंय. प्रत्येक फेरीत एकदा, किंचित, डावीकडे.

ते लंगडणं त्याच्या ओळखीचं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोदक मात्र तिथेच राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "हे चक्र कशाचं केलंत?"

हितेंद्र या प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होता. दरवर्षीची सजावट त्याच्याकडे असे, आणि त्याला साध्या वस्तू साध्या कामाला वापरलेल्या बघवत नसत. मागच्या वर्षी त्याने कुकरच्या डब्यांचा हिमालय केला होता आणि घराने आठवडाभर वरण पातेल्यात शिजवलं होतं.

"टाकाऊतून टिकाऊ!" तो म्हणाला. "थर्माकोलला बंदी. म्हटलं घरात काय पडलंय बघू. तूच म्हणालास ना, खोक्यातल्या खराब रेकॉर्डी घ्या म्हणून? पण त्या केवढ्या मोठ्या! बाप्पामागे ट्रकचा टायर टेकवल्यासारखं दिसत होतं. मग ताटाळ्यात ही छोटी सापडली. ताटांच्या मधोमध. बरोब्बर मापाची."

"ती मी धुऊन वाळत घातली होती, बाबा."

"हो ना! म्हणून तर चकाकी किती चांगली पकडली बघ."

आता ही रेकॉर्ड ताटाळ्यात का होती, ते सांगायला हवं. विनीतला रेकॉर्डी जमवायचा नाद होता, आणि या नादात त्याला गुरू भेटला होता. गिरगावात, खोताच्या वाडीला लागून राहणारे गंगाधरकाका. दोघांची ओळख दादरच्या एका फुटपाथवर झाली, जुन्या रेकॉर्डींच्या एकाच गठ्ठ्यावर दोघांनी एकदम हात ठेवला तेव्हा. गठ्ठा काकांनी घेतला. विनीतला त्यांनी चहा पाजला आणि रेकॉर्ड कडेने कशी धरायची ते चहाच्या बशीवर शिकवलं. काका अखंड बोलत. बोलताना दम लागला की तेवढ्यापुरतं गात.

गेल्या वर्षी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते मोबाईलवर टाइप करत आणि मोबाईलमधली एक बाई ते वाचून दाखवी. बाईचा स्वर फार सभ्य होता. गाडी रद्द झाल्याचं सांगावं तशी ती प्रत्येक गोष्ट सांगे. "विनीत. तू. गाढव. आहेस," हेसुद्धा ती इतक्या शांतपणे म्हणे की ऐकणाऱ्याला पटून जाई.

काकांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. शाळेत असताना त्यांना गाण्याच्या स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला होता. हौशी मामाने पदरमोड करून त्या कार्यक्रमाची सात इंची रेकॉर्ड काढली. एका बाजूला गंगाधरचं भजन, दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुण्यांचं भाषण, कारण मामाला पाहुण्यांकडून नोकरी हवी होती. मोजक्याच प्रती निघाल्या. एक देवरुखच्या मावशीने लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून वापरली. एक मामाचे मोठे जावई बडोद्याला घेऊन गेले, ते जावईही परत आले नाहीत. बाकीच्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. उरली ती काकांकडे. तिचं मधलं भोक जरा बाजूला पडलेलं होतं, म्हणून ती फिरताना लंगडायची. काका भजन लावत. भाषणाची बाजू त्यांनी विनीतला कधी ऐकवली नाही.

ती रेकॉर्ड काकांनी विनीतच्या हातात ठेवली होती. "कॉम्प्युटरवर. उतरवून. दे. गणपतीत. दर्शनाला. येईन. तेव्हा. परत. नेईन."

आणि विनीतने ती उतरवलीच नव्हती. असल्या रेकॉर्डवर जुनी सुई टेकवायची म्हणजे पाप, म्हणून त्याने नवी सुई मागवली. सुई आली तर हवेत दमटपणा. दमटपणा कमी झाला तर रेकॉर्डवर धूळ. म्हणून त्याने ती हलक्या हाताने धुतली आणि उभी वाळायला घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली. रेकॉर्डला इतकं जपणारा माणूस अख्ख्या लालबागमध्ये दुसरा नव्हता. ती आता ग्लूगनने मोटरला चिकटवलेली, वरून सोनेरी चमकी फासलेली, बाप्पामागे फिरत होती.

"बाबा, चमकी कुठल्या बाजूला लावलीत?"

"म्हणजे?"

"रेकॉर्डला दोन बाजू असतात. पुढे कुठली आहे?"

"चकतीला कसली आलीय बाजू? चकती ती चकती."

विनीतने मखराकडे हात नेला. पुढच्याच क्षणी त्याच्या मनगटावर आबांची काठी आली. आबा म्हणजे त्याचे आजोबा, कुशाबा. जन्म मालवणचा, हयात गिरणीत गेली, कान अधू झाले होते, पण बाप्पाच्या जवळपास कोण फिरकतंय ते त्यांना पाठ करूनही कळायचं.

"खय हात घालतंस?"

"आबा, मखर जरा पुढे ओढायचंय. मागचं चक्र..."

"मखर ओढलंस तर बाप्पा हलतलो. एकदा बसलो की बसलो. उत्तरपूजा होईपर्यंत तसूभर हलवूचो नाय."

याच्यापुढे अपील नव्हतं. मूर्तीत प्राण आणल्यावर ती हलवायची ती उत्तरपूजेनंतरच, आणि यांचा गणपती पाच दिवसांचा. तोवर सोन्याखाली भजन आहे की भाषण, हे फक्त बाप्पाला माहीत. तोही पाठ करून बसलेला.

विनीतची पाचावर धारण बसली. त्याने सेल्फी स्टिकला मोबाईल बांधून मखरामागे घातला, तर मोटरचा एक अत्यंत सुस्पष्ट फोटो आला. मोटरखाली गोंद, गोंदाखाली काळं काहीतरी. मग त्याला मोटर तापत असेल अशी शंका आली. तापली तर रेकॉर्ड वाकणार. शिवाय समोर फोकसचे दिवे. त्याने दिवे बंद केले. आईने लावले. त्याने परत बंद केले.

"अरे अंधारात बसवतोस काय देवाला?" सीमा, त्याची आई, म्हणाली.

"आई, बाप्पाला उकडत असेल."

सीमाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्याने टेबलफॅन आणला आणि बाप्पाच्या पाठीवर वारा जाईल असा तिरका लावला. आबांना गहिवरून आलं. "पोरगो सुधारलो," ते सुनेला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन आरतीत, गंगाधरकाका आले.

हातात पेढ्यांचा पुडा, खिशात ती सभ्य बाई. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, मान वर केली आणि ते तसेच राहिले. आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद फिरला. काकांचे हात जोडलेलेच. विनीत खोबऱ्याचा तुकडा हातात धरून त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे गोल फिरत होते आणि प्रत्येक फेरीत एकदा, किंचित, डावीकडे जात होते.

काकांनी मोबाईल काढला. टाइप करायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"उलटी. फिरतेय," बाई म्हणाली.



"काका," विनीत म्हणाला आणि त्याने जे झालं ते सगळं सांगून टाकलं. सुई, दमटपणा, ताटाळं. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की ताटाळं या शब्दाला दुःखद प्रसंगात काही वजन नसतं.

हितेंद्रचा चेहरा उतरला. त्याच्या लक्षात आता आलं होतं. "माझी चूक झाली हो," तो म्हणाला. "मी मखर काढतो. आत्ता काढतो. आबा, एक दिवस चालतं हो, देव समजून घेतो."

आबांनी काठी उचलली. मग काकांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती परत खाली ठेवली.  निर्णय पाहुण्यावर आला.

काकांनी टाइप केलं, खोडलं, परत केलं.

"बाप्पाला. हलवू. नका. मी. रोज. येऊन. बसतो."

आणि ते खरंच रोज आले. गिरगावातून बसने येत, बाप्पासमोर सतरंजीवर बसत आणि चक्राकडे बघत राहत. पाणीसुद्धा न मागता. चाळीत बातमी पसरली. शेजारच्या जाईबाई सुनेला घेऊन बघायला आल्या.

"केवढी श्रद्धा गं! नजर म्हणून ढळत नाही. आणि मौन आहे वाटतं?"

"मौन नाही, जाईबाई," सीमा म्हणाली, "ते..."

"कळलं, कळलं. सांगायचं नसतं." जाईबाई काकांच्या पाया पडल्या. "महाराज, मुलाला फ्लॅटचं पझेशन कधी मिळेल?"

काकांनी टाइप केलं. "मला. माहीत. नाही."

"बघा!" जाईबाई बाहेर जाऊन म्हणाल्या. "बिल्डरलाही माहीत नाही. खरं बोलणारा माणूस."

विनीतला हसू येईना. काकांनी त्याला अजून एकदाही गाढव म्हटलं नव्हतं, आणि त्याचंच त्याला सगळ्यात जास्त भय वाटत होतं. रोज काका निघाले की तो जिन्यापर्यंत सोडायला जाई. रोज विचारायचं ठरवी, की चमकीखाली भजनच निघालं तर काय. आणि रोज "सावकाश जा" एवढंच म्हणून परत येई.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. आबांनी मूर्तीला हात लावला आणि ती बोटभर उजवीकडे सरकवली. हलला बाप्पा. विनीत मखराच्या मागे आडवा झाला तो मोटर घेऊनच बाहेर आला. हितेंद्रने पातळ सुरी तापवून गोंद सोडवला. सीमाने त्याचं कोपर धरून ठेवलं.

पुढची बाजू सोनं झाली होती. त्यात आता सुईला वाट सापडणार नव्हती. मागची बाजू काळी, चकचकीत, पण मधल्या लेबलवर गोंदाचा थर. काही वाचता येईना. आणि कडेपासून आतपर्यंत ग्लूगनच्या गोंदाचा एक बारीक धागा पडून सुकला होता. विनीतने नखाने खरवडला. बराचसा निघाला. एक रेघ राहिली.

खाली ढोल वाजायला लागले. हितेंद्रने पाटावरचा बाप्पा उचलला, दारापर्यंत आला आणि थबकला, कारण बाकी कुणी हललंच नव्हतं.

"लाव," काकांच्या मोबाईलमधली बाई म्हणाली.

विनीतने रेकॉर्ड प्लेअरवर ठेवून नवी सुई टेकवली. खरखर. लंगडणारी खरखर. आता जर "उपस्थित बंधुभगिनींनो" आलं, तर गंगाधरकाकांचा आवाज संपला, कायमचा, चमकीखाली. 

कुणीतरी घसा साफ केला.

भाषण करणारेही घसा साफ करतात.  पण काकांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

मग एका पोराचा आवाज आला. कोवळा, जरा नाकातला, आणि अजिबात न घाबरलेला. भजन सुरू झालं. आणि दर फेरीला, गोंदाच्या त्या रेघेवर: टक्.

"काका, तो धागा..." विनीत म्हणाला. "मी अजून साफ करतो. नीट साफ करतो."

काकांनी हात वर केला. गप्प. ते ऐकत होते. टक्. त्यांची बोटं गुडघ्यावर पडली. टक्. परत पडली. पोरगा मध्येच घाईला यायचा, पुढे धावायचा, आणि टक् त्याची वाट बघत आपल्या जागीच उभा असायचा. आबांना गाणं ऐकू येत नव्हतं, पण काकांचं बोट दिसत होतं. त्यांनी झांजा घेतल्या आणि बोटाच्या मागे धरल्या.

भजन संपलं. काका टाइप करायला लागले. खोली वाट बघत राहिली. खालून "अरे हितेंद्र, येतोयस का?" अशा हाका यायला लागल्या.

"मी. तालाला. कच्चा. होतो," बाई म्हणाली. "म्हणून. दुसरा. नंबर. त्या. भाषणात. पाहुण्यांनी. सगळ्यांसमोर. तेच. सांगितलं. होतं."

काकांनी सोनेरी बाजूकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे, आणि परत टाइप केलं.

"चमकी. छान. लावली. आहे."

 हितेंद्रच्या हातात अजून बाप्पा होता, आणि दंड भरून आले होते.

"विनीत. तू. गाढव. आहेस. परत. लाव."

विनीतने सुई उचलून कडेला टेकवली. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे पहिला प्रयत्न हुकला. खालून पुन्हा हाक आली. हितेंद्र उंबऱ्याकडे वळला, तशी त्याच्यापुढे काठी आडवी आली.

"थांब रे," आबा झांजा सावरत म्हणाले. "बाप्पा आयकतत."