प्रवाळांना ऊदाची धुरी

आमच्या घरापासून समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, आणि मी घरात बसून माझ्या प्रवाळांसाठी पिंपभर पाण्यात मीठ कालवते. वडिलांच्या पत्त्यांच्या मित्रांना यापेक्षा मोठा विनोद आजवर मिळालेला नाही. मी समजावून पाहिलं, की किनाऱ्याच्या पाण्यात तेल असतं, सांडपाणी असतं. आणि प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, नाजूक पोटाचा.

"म्हणजे आपल्या बू सकरसारखाच," एक जण वडिलांकडे बोट दाखवून म्हणाला. सगळे हसले आणि विज्ञान तिथंच थांबलं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी सरकारी नेमणुकीची वाट पाहत होते. कुवेतमध्ये ती येते, फक्त कधी ते कुणी सांगत नाही. तोवर पुरुषमंडळींच्या बैठकीची खोली, आमची दिवाणिया, मी टाक्यांनी भरून टाकली. मोठ्या प्रवाळाची फांदी कापायची, तुकडा गोंदानं चकतीवर चिकटवायचा आणि निळ्या दिव्याखाली वाढवायचा. विकणं सोडून सगळं जमलं होतं.

"या शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर खोली पत्त्यांची," वडिलांनी बजावलं. "मित्रांना बसायला जागा नाही आणि तुझे दगड एसीत!"

"प्राणी आहेत, युबा." वडिलांना मी युबा म्हणते.

"प्राणी असते तर एव्हाना चहा मागितला असता."

शुक्रवारी बू घानिम आले. त्यांचं शोभेच्या माशांचं मोठं दुकान होतं, आणि कुठल्याही मालाला नाकं मुरडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेला नाक लावून ते एकेक तुकडा पाहत गेले. हा फिका. तो खुजा. या रंगाला हल्ली कुणी विचारत नाही. मग जांभळ्या टोकांचा एक हिरवा तुकडा दिसला, आणि त्यांच्या तोंडून निसटलं, "काय रूप आहे!"

पुढे, नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला म्हणायचं राहून गेलं.

आई दाराआड होती. ती ऐकत नव्हती, फक्त तिचे कान तिथं होते. क्षणात ती हातात धूपदान घेऊन आत आली. त्यात ऊदाचा असा जाडजूड तुकडा जळत होता की लग्नघरालाही पुरला असता. नजर उतरवायला तिनं तो प्रत्येक टाकीवरून ओवाळला.

आता, आमच्याकडे ऊद फिरवतात ते बैठक संपताना. ऊद आला की पाहुण्यानं उठायचं. 'निघा' असं तोंडानं कुणी म्हणत नाही. ते काम धूर करतो. बू घानिमांना अजून कॉफीचा दुसरा पेलाही मिळाला नव्हता. त्यांनी रीतीप्रमाणे धूर डोक्यावरच्या रुमालात घेतला, "अल्लाह बरकत देवो" असं पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण टाकीतला मळ फेसावाटे काढणारं माझं यंत्र खोलीतलीच हवा ओढतं आणि पाण्यात घुसळतं. म्हणजे माझे प्राणी या क्षणी ऊद पीत होते. मी पाहुण्याकडे पाठ फिरवली, धावत जाऊन यंत्राची हवेची नळी खेचली आणि तिचं तोंड खिडकीबाहेर काढलं.

एक पाय चपलेत घातलेले बू घानिम म्हणाले, "माझ्याआधी दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं का?"

वडिलांचा उभा जन्म पत्ते खेळण्यात गेलाय. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "पोरगी कामात आहे," एवढंच ते म्हणाले.

"सगळं घेतो. तुकडे, मोठे प्रवाळ, सगळं."

"मोठे नाहीत," मी खिडकीतूनच म्हणाले. "ते गेले तर पुढचे तुकडे कशाचे कापू?"

"बरं, तुकडे. पण आत्ता."

"आत्ता नाही."

इथं मात्र वडिलांच्या चेहऱ्यावर बरंच काही हललं. "अनफाल!" ते दातओठ खात म्हणाले.

"युबा, बघा तरी. धुरानं तोंडं मिटलीत त्यांची. आज पिशवीत भरले तर काकांच्या दुकानात मरतील, आणि नाव माझं जाईल. नीट उघडले की घेऊन जा, काका. आणि आईनं तुम्हाला हाकललं नाही हो. तुमची नजर लागू नये म्हणून धुरी दिली."

"मी कुठं कुणाला हाकललं?" आई धूपदान मागं लपवत म्हणाली. धूर तिच्या दोन्ही बाजूंनी वर येत राहिला.

बू घानिमांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आमच्या एका शब्दावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"बू सकर, हिला भाव करायला कुणी शिकवलं?" त्यांच्या आवाजात चक्क आदर होता. "ऐक पोरी. आजचा माल तू म्हणशील तेव्हा उचलतो. पुढचाही माझाच. दुसऱ्या कुणाला एक तुकडा दिलास तर बघ."

"चालेल," मी म्हणाले. वडिलांनी तेवढ्यात त्यांचा हात धरून जोरात हलवलाही.

संध्याकाळी मित्र जमले, तेव्हा वडील पत्त्यांचं टेबल स्वतः उचलून अंगणातल्या उकाड्यात नेत होते.

"हे काय? आपण बाहेर?"

"आत धंदा चालतो," वडील म्हणाले. "तुम्ही फुकटे. बसा, घाम गाळा."